काळ्या द्राक्षाची ओळख : काबर्ने सोव्हिन्यों
(भाषणाचा मजकूर)



द्राक्षबागेत एक हंगाम जरी काम केले असले, तरी बोर्डो मिश्रण हे नाव माणसाच्या कानावर पडलेले असतेच. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, असे ते एक टक्क्याचे निळसर औषध. केवडा रोगावर ते फवारतात. आळंद, अफझलपूर, बसवकल्याण या बाजूंची जी माणसे हंगामात सोलापूरकडील बागांत कामाला जातात, त्यांनाही त्याची चांगली ओळख असते. परंतु बोर्डो हे फ्रान्स देशातील एका शहराचे नाव आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

या औषधाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. बोर्डो शहराच्या उत्तरेस मेदोक नावाचा द्राक्षांचा प्रदेश आहे. तेथील काही बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत असत. हेतू रोग घालविण्याचा नव्हता, वाटसरूंनी घड तोडू नयेत एवढाच होता. १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या दृष्टीस असे पडले की, रस्त्याकडेच्या या वेलींची पाने हिरवी आहेत आणि आतल्या वेलींची पाने मात्र केवड्याने झडून गेली आहेत. त्यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये हे मिश्रण जगापुढे ठेवले. चोराला भिवविण्यासाठी केलेला उपाय साऱ्या जगातील बागायतदारांच्या कामी आला तो असा.

ज्या मेदोकमध्ये हे घडले, त्याच प्रदेशात नावारूपास आलेल्या एका काळ्या द्राक्षाची ओळख करून देणे, हा या भाषणाचा विषय आहे. त्या वाणाचे नाव काबर्ने सोव्हिन्यों. लाल द्राक्षमद्य, म्हणजे वाइन, तयार करण्यासाठी जगात जे वाण लावले जातात, त्यांत याचा क्रमांक पहिला लागतो.

वाणाचे कुळ आणि प्रवास

या वाणाचे आईबाप कोण, हे कित्येक वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. प्राचीन रोमन लोकांच्या काळापासून तो चालत आला असावा, असाही समज होता. १९९७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी वेलीतील आनुवंशिक द्रव्य तपासून या कोड्याचा उलगडा केला. काबर्ने फ्रां हे काळे द्राक्ष आणि सोव्हिन्यों ब्लां हे पांढरे द्राक्ष, या दोहोंच्या संयोगातून हा वाण जन्मला आहे. हा संकर कोणी हेतुपुरस्सर केलेला नव्हता. बागेत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या वेलींचे परागकण एकत्र आले आणि त्यातून एक नवे रोप उगवले. आईबापांची नावे मुलाच्या नावात दिसत होतीच. शास्त्राने त्यावर शिक्कामोर्तब केले.

पुढे हा वेल युरोपाबाहेर अमेरिका, चिली, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि चीन येथवर पसरला. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या गणनेप्रमाणे २०१५ साली जगात त्याच्याखाली सुमारे ३ लाख ४० हजार हेक्टर क्षेत्र होते.

या प्रवासातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे फ्रेंच आणि अमेरिकन वाइनची परीक्षा झाली. पेल्यात कोणती वाइन आहे हे परीक्षकांस सांगितलेले नव्हते, आणि परीक्षक सारे फ्रेंच होते. लाल वाइनमध्ये पहिला क्रमांक मिळाला तो कॅलिफोर्नियातील काबर्नेच्या १९७३ सालच्या वाइनला, आणि तीही अवघ्या तीन वर्षांच्या वेलींची! ती करणारे वॉरन विनियार्स्की हे पूर्वी शिकागो येथे अध्यापन करीत असत. उत्तम द्राक्ष ही एकाच देशाची मिरास नव्हे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. परंतु त्याबरोबरच हेही लक्षात ठेविले पाहिजे की, या यशाच्या मागे योग्य जमीन, योग्य हवामान आणि डोळसपणे केलेले श्रम होते. नुसते नामांकित रोप आणून लावल्याने ते मिळालेले नाही.

साल आणि बी यांतच सारा गुण

खाण्याच्या द्राक्षाचे मोल त्याच्या गरात असते. मणी लांबट आणि टपोरा असावा, साल पातळ असावी, बी नसावी आणि गोडी असावी, अशी ग्राहकाची अपेक्षा असते. काबर्नेचा मणी या प्रत्येक कसोटीस उतरावयाचा नाही. तो लहान, गोल, निळसर काळा असतो. साल जाड आणि आत बिया. चावला तर जीभ ओढल्यासारखी होते. हिरडा, कच्ची सुपारी किंवा जांभळाची बी चावल्यावर जो तुरटपणा जाणवतो, तोच हा. त्यास टॅनिन म्हणतात. लाल वाइनचा भरीवपणा आणि तिची टिकण्याची शक्ती यांत या टॅनिनचा वाटा मोठा असतो. मणी लहान असल्यामुळे गराच्या मानाने साल आणि बी यांचे प्रमाण अधिक पडते. खाणाऱ्याच्या दृष्टीने जो दोष, तोच वाइन करणाऱ्याच्या दृष्टीने गुण ठरतो.

आणखी एक गोष्ट शिक्षकबंधूंनी वर्गात अवश्य करून दाखवावी. काळ्या द्राक्षाची साल काढून पाहिली असता आतील गर फिकट दिसतो, काळा दिसत नाही. रंग सारा सालीत असतो. म्हणून लाल वाइन करताना रस सालीसकट आंबवावा लागतो, आणि पांढऱ्या वाइनसाठी साल आधीच वेगळी केली जाते. हीच साल कोमट पाण्यात कुस्करून ते रंगीत पाणी दोन पेल्यांत घ्यावे. एकात लिंबाचा रस पिळावा, दुसऱ्यात चुन्याची निवळी घालावी. पहिले पाणी लाल होते, दुसरे निळसर हिरवट होते. आम्ल आणि अल्कली यांचा धडा मुलांस यापेक्षा स्वस्तात शिकविता येणार नाही. जांभळाच्या सालीनेही हा प्रयोग साधतो.

साखरेची गोष्टही समजून घेणे इष्ट आहे. खाण्याचे द्राक्ष १८ ब्रिक्सच्या आसपास गोडी आली की तोडता येते. लाल वाइनचे द्राक्ष मात्र २३ ते २५ ब्रिक्सपर्यंत वेलीवर ठेवतात. किण्वनाच्या क्रियेत किण्व, म्हणजे यीस्ट, या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. परंतु केवळ साखर चढली म्हणजे काबर्ने तयार झाला असे नव्हे. हा वाण उशिरा पिकणारा आहे. साल आणि बी पक्व होण्यापूर्वी घड उतरविला तर वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास येतो. बी तपकिरी झाली का आणि चावल्यावर कुडकुडीत लागते का, हे पाहूनच जाणता बागायतदार तोडणी ठरवितो.

दख्खनची द्राक्षपरंपरा

द्राक्षवेल आपल्या पठारास परका नाही. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची आवर्जून नोंद केली आहे. वर्षातून दोनदा फळ येते, याचे त्यास नवल वाटले होते. बीदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) हे जिल्हे १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होते, त्या राज्याने अनाबेशाही या टपोऱ्या पांढऱ्या द्राक्षाचा प्रसार केला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतील वेगळ्या दिसणाऱ्या फांदीवर नजर ठेवून सोनाका हा वाण निवडला. पदवी वा प्रयोगशाळा यांवाचूनही शेतकऱ्याची नजर केवढे काम करू शकते, याचा तो दाखला होय. विजयपूर आणि सांगली या जिल्ह्यांचा बेदाणा तर सर्वज्ञात आहे.

काबर्नेची आपल्याकडील लागवड मात्र अलीकडची आहे. कर्नाटकात बेंगळूरजवळील नंदी टेकड्यांच्या परिसरात १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने ती सुरू झाली. महाराष्ट्रात नारायणगाव, नाशिक आणि नंतर सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथे वाइनचे वाण लावले गेले. अकलूजच्या बागांत इटालियन तज्ज्ञांचे मार्गदर्शन होते. महाराष्ट्र शासनाने २००१ साली आणि कर्नाटक शासनाने २००७ साली द्राक्षप्रक्रिया व वाइनविषयक धोरण जाहीर केले. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून कार्य करीत आहे. अर्थात अकलूजसारखी जागा आपल्या सीमेपासून दूर नाही, आणि म्हणूनच हा वाण आपल्याकडे येईल काय, असा प्रश्न भालकी, हुमनाबाद किंवा आळंद येथील बागायतदाराच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे.

जमीन, पाणी आणि हंगाम

मेदोकची प्रसिद्ध जमीन ही काळी कसदार नाही. ती गोटाळ आहे. पाणी तीत थांबत नाही, आणि दिवसा तापलेले गोटे रात्री वेलीस ऊब देतात. काबर्नेला पाण्यात पाय बुडवून उभे राहणे सोसत नाही. यावरून कलबुर्गी जिल्ह्यातील तुरीच्या भारी काळ्या जमिनीत तो सुखाने वाढेल, असे गृहीत धरता येत नाही. अशी जमीन पावसाळ्यात चिबडते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शिवाय चुनखडीचे प्रमाण अधिक असल्यास वेलीस लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात. याउलट बीदरच्या जांभ्या दगडाच्या पठारावरील तांबूस, निचऱ्याच्या जमिनी आणि मुरमाड उताराच्या जमिनी अधिक अनुकूल ठरण्याजोग्या आहेत. बीदर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच आहे. तेथील हिवाळ्याच्या रात्री थंड असतात, आणि थंड रात्रीने सालीचा रंग चढतो. तरीही माती आणि पाणी तपासल्याखेरीज एकही खड्डा घेऊ नये.

रोप नेहमी खुंटावरील कलमाचेच असावे. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा नावाच्या मुळावरील किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा अमेरिकन रानवेलींच्या मुळांवर कलमे बांधून त्या वाचविण्यात आल्या. आपल्याकडे हीच युक्ती मुख्यतः क्षार आणि पाण्याचा ताण यांवरील उपाय म्हणून वापरतात. डॉगरिज आणि ११० आर हे खुंट बागायतदारांच्या परिचयाचे आहेत. कोणता खुंट घ्यावा हे बागेच्या मातीवरून ठरते. शेजाऱ्याने घेतला म्हणून तोच घेणे योग्य नव्हे.

पाण्याचा विचार करताना बीदरकरांनी आपल्याच पूर्वजांकडे पाहावे. बहामनी काळात येथे जांभा खडक आतून पोखरून भूमिगत पाण्याचे कालवे, म्हणजे कारेझ, बांधण्यात आले. नौबाद येथील कारेझ आजही पाहावयास मिळतो. पाणी उघड्यावर न दवडता ते हवे तेथे आणि हवे तेवढेच न्यावयाचे, हे त्यामागील तत्त्व होते. ठिबक सिंचनाचे तत्त्वही हेच आहे. काबर्नेच्या बाबतीत तर त्याला विशेष महत्त्व आहे. मण्यात पाणी उतरून रंग येऊ लागल्यानंतर पाणी थोडे आखडते घेतले असता मणी लहान राहतो आणि रंग व स्वाद घट्ट होतो. पाणी सढळ सोडले तर वजन वाढते आणि गुण उतरतो. वजनावर विकण्याची सवय लागलेल्या शेतकऱ्यास ही गोष्ट प्रथम पटत नाही.

आपल्या हवामानात वेल हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या घेऊन एकच पीक काढतात. या वेळापत्रकात दोन धोके आहेत. पहिला परतीच्या पावसाचा. फळछाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर केवडा चालून येतो आणि मोरचुदाची आठवण होते. दुसरा धोका तोडणीच्या तोंडावरील गारपिटीचा. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाडा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटक या भागांत पडलेल्या गारा शेतकरी विसरलेला नाही. त्यातच मार्चचे ऊन. हा वाण उशिरा पिकणारा आणि आपला उन्हाळा लवकर येणारा, यामुळे साखर पुढे धावते आणि साल मागे राहते. घडावर मावळतीचे ऊन येऊ नये म्हणून त्या बाजूची पाने राखणे आणि तोडणी पहाटे उरकणे, ही दक्षता म्हणून घ्यावी लागते.

विक्रीचे एकच दार

आता जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती सांगावयाची आहे. थॉमसन किंवा सोनाका या वाणांना विक्रीची अनेक दारे असतात. दर बरा असेल तर घड बाजारात जातात. दर पडले तर शेडवर नेऊन बेदाणा करता येतो. उरलासुरला माल हातगाडीवरही खपतो. काबर्नेला दार एकच, आणि ते म्हणजे वाइनचा कारखाना. लहान, तुरट आणि बियांचे द्राक्ष बाजारात कोणी घेत नाही, आणि त्याचा बेदाणाही चालत नाही. ते एक दार बंद झाले की पिकलेला माल वेलीवर लोंबत राहतो.

ही केवळ कल्पना नव्हे. २००१ च्या धोरणानंतर नाशिक भागात वाइनच्या वाणांची लागवड झपाट्याने वाढली आणि अनेक नवे कारखाने निघाले. २००८ साली जागतिक मंदी आली. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला आणि पर्यटकांची संख्या घटली. वाइनची मागणी खाली आली, टाक्यांत साठा पडून राहिला, आणि त्यानंतरच्या हंगामांत कित्येक बागायतदारांच्या द्राक्षांस गिऱ्हाईक उरले नाही. कोणी वेल उपटले, कोणी त्याच खुंटावर खाण्याच्या द्राक्षाची कलमे बांधली. दोनतीन वर्षे वेल वाढवावयाचा आणि फळ हाती आल्यावर तो कापून टाकावयाचा, यातील दुःख शेतकऱ्यालाच कळते. पुढे हा उद्योग सावरला आणि चांगले कारखाने आजही करार करून द्राक्षे घेतात. परंतु त्या काळाचा धडा कायमचा आहे : आधी गिऱ्हाईक, मग वेल.

म्हणून करार लेखी असावा, आणि तो एका हंगामाचा नव्हे तर अनेक वर्षांचा असावा. त्यात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात. दर किती आणि तो कशावर ठरणार; ब्रिक्स कोण मोजणार आणि शेतकऱ्यासमक्ष मोजणार की नाही; तोडणीचा दिवस कोण ठरविणार; कारखान्याने तोडणी लांबविली आणि दरम्यान पाऊस किंवा गारा आल्या तर नुकसान कोणाचे; वाहतूक कोणाची; माल नाकारला तर तो कोणत्या कारणाने; आणि पैसे किती दिवसांत मिळणार. असे कागद पुष्कळदा इंग्रजीत असतात. सही करण्यापूर्वी तो मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून घ्यावा. या कामी गावातील शिक्षक आणि ग्रामपातळीवरील अधिकारी यांनी स्वतः होऊन पुढे यावे. वाचून दाखविलेला एक कागद एखाद्या कुटुंबाची काही वर्षांची मेहनत वाचवू शकतो.

सीमाभागातील शेतकऱ्याने आणखी एक प्रश्न विचारावा. मद्य हा घटनेप्रमाणे राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. बाग कर्नाटकात आणि कारखाना महाराष्ट्रात, अशी स्थिती आपल्याकडे सहज उद्भवू शकते. दोन्ही राज्यांचे नियम आणि सवलती सारख्या नसतात. पलीकडच्या राज्यातील द्राक्ष घेतल्याने कारखान्याच्या सवलतीत काही फरक पडतो काय, हे त्याच्याकडून आणि संबंधित खात्याकडून आधीच समजून घ्यावे. गावांतील सोयरीक सीमा मानीत नाही, पण कायदा ती मानतो.

ओळख आणि विवेक

एका द्राक्षाची ओळख करून देणे म्हणजे मद्यपानाचा पुरस्कार करणे नव्हे. आपल्या घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांच्या बंदीचे ध्येय राज्यांपुढे ठेविले आहे. मद्याचे अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत निःसंदिग्धपणे सांगितले आहे. वाइन ही फळापासून होते म्हणून ती औषध ठरत नाही, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. ऊस पिकविणारा शेतकरी मळीचे काय होते हे जाणतो आणि स्वतः निर्व्यसनी राहतो; द्राक्ष पिकविणाऱ्यासही ते अशक्य नाही.

बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांनी अवर्षणाची अनेक वर्षे पाहिली आहेत. येथील शेतकऱ्यास नव्या पिकाची ओढ वाटते ती हौसेपोटी नव्हे, गरजेपोटी. त्या गरजेचा कोणी गैरफायदा घेऊ नये, आणि त्याने स्वतःही घाई करू नये. बीदर येथील उद्यानविद्या महाविद्यालय, दोन्ही जिल्ह्यांतील कृषि विज्ञान केंद्रे आणि मांजरीचे संशोधन केंद्र यांचा सल्ला त्यास घेता येतो. अकलूज किंवा नाशिक येथील बागायतदाराकडे जाऊन, चांगल्या वर्षाबरोबर वाईट वर्षाचीही हकीकत विचारता येते. माती तपासावी, पाणी मोजावे, गिऱ्हाईक पाहावे आणि करार वाचावा. या चार गोष्टी जमल्या तर काबर्नेचा विचार अवश्य करावा. त्यांपैकी एकही जमत नसेल, तर तूर, ऊस आणि खाण्याची द्राक्षे हीच आपली जुनी आणि ओळखीची पिके आहेत. ओळख पटल्यावर नाही म्हणणे, हाही शहाणपणाचाच निर्णय होय.